तळघरातला इंटरफेरोमीटर: प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

१६ जून

तळघरातली जुनी ऑप्टिक्सची खोली अखेर ताब्यात आली. खिडकी नाही, वर्दळ नाही, आणि खाली थेट बेसॉल्टचा खडक. पुण्यात पेठेच्या कडेला असलेल्या कॉलेजात यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

प्रकल्पाचा हेतू सुरुवातीलाच लिहून ठेवते. इंटरफेरोमीटर म्हणजे लेसरचा किरण दोन बाहूंत विभागून, परत एकत्र आणून, लांबीतला बारीक फरक मोजणारं यंत्र. इथे कोणी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणणारी-आकसणारी लहर, पकडणार नाही. लायगो म्हणजे अमेरिकेतले, हॅन्फर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथले, या लहरींचे दोन डिटेक्टर. त्यांच्या एका बाहूची लांबी ४ किलोमीटर. १०⁻²¹ इतक्या ताणाची लहर आली तर त्या लांबीत फरक पडतो ४ × १०⁻¹⁸ मीटर, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारे चारशेवा भाग. आमचे बाहू हातभर लांबीचे, लेसर हीलियम-निऑन, आरसे शिकवण्याच्या प्रयोगातले. आम्हाला अभ्यास करायचा आहे तो नॉइजचा, म्हणजे खरी लहर झाकून टाकणाऱ्या नको असलेल्या संकेतांचा. त्यातही एका विशिष्ट नॉइजचा: विखुरलेल्या प्रकाशाचा. लिव्हिंग्स्टनच्या डेटाच्या आलेखात ज्या कमानी दिसतात, तशा कमानी इथे मुद्दाम तयार करायच्या, त्यांचं गणित जुळवायचं, आणि मग त्या घालवायच्या.

मला मनापासून वाटतं की या क्षेत्रात शिरायचा खरा दरवाजा हाच आहे. सापेक्षतेची समीकरणं मुलं वर्गात शिकतात. पण डिटेक्टरजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला आलेखावरची प्रत्येक रेघ कुठून आली ते सांगता यायला हवं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, लायगो-इंडियाच्या डिटेक्टरमध्ये, जेव्हा आरसे लटकतील, तेव्हा असं सांगू शकणारी मुलं इथली असावीत.

१९ जून

बीम स्प्लिटर, दोन आरसे, फोटोडायोड बसवले. एका आरशामागे पिएझो, म्हणजे विजेने आरसा किंचित सरकवणारा तुकडा. व्यतिकरणाचे पट्टे दिसले. आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की एक पूर्ण पट्टा सरकतो, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. खोलीचं दार जरा जोरात लावलं तरी पट्टे धावत सुटतात.

सर्वो (आरसा आपोआप जागेवर आणणारा नियंत्रक) लावून इंटरफेरोमीटर पट्ट्याच्या मध्यावर धरून ठेवला. साधारण २० हर्ट्झच्या खालची हालचाल सर्वो स्वतःच खाऊन टाकतो. त्यावरचं सगळं फोटोडायोडवर दिसतं. लायगोमध्ये प्रकाश असा मध्यावर ठेवत नाहीत, बाहेर पडणारा किरण जवळजवळ अंधारा ठेवतात. आम्हाला तेवढ्या खोलात जायची गरज नाही.

२७ जून

भूभौतिकीवाल्या मित्राकडून ब्रॉडबँड सेस्मोमीटर उसना आणला. टेबलाशेजारी खडकावर ठेवला, थर्माकोलच्या पेटीने झाकला, आणि रात्रभर चालू ठेवला.

सकाळी वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती कंप, याचा आलेख) काढला तर ०.२ हर्ट्झच्या आसपास चांगला रुंद उंचवटा. हा मायक्रोसेझम, म्हणजे समुद्र. अरबी समुद्र इथून शंभरावर किलोमीटर लांब, मध्ये आख्खा सह्याद्री, तरी तळघराची फरशी त्याच्या तालावर हलते. दहा-बारा सेकंदांच्या लाटा एकमेकींना भिडल्या की तळावर दुप्पट वारंवारतेचा दाब पडतो, आणि तोच कंप होऊन जमिनीतून येतो. म्हणून पाच-सहा सेकंदांचा काळ. यंदा मान्सून मे महिन्यातच कोकणात उतरला, त्यामुळे समुद्र केव्हाचा खवळलेला आहे. मित्राकडे याच उपकरणाची फेब्रुवारीतली नोंद होती. ती शेजारी ठेवली तर उंचवटा पुष्कळच बुटका.

लिव्हिंग्स्टनला हाच त्रास मेक्सिकोच्या आखातामुळे आणि अटलांटिकमुळे होतो, आणि तिथे तो हिवाळ्यात वाढतो. आपल्याकडे तो पावसाळ्यात. भारतातला डिटेक्टर सुरू होईल तेव्हा त्याचे अवघड महिने अमेरिकेतल्या दोन्ही डिटेक्टरांच्या अवघड महिन्यांवर येणार नाहीत. या मुद्द्यावर फारसं कोणी बोलत नाही, पण जगभरच्या जाळ्याच्या दृष्टीने मला तो मोठा फायदा वाटतो.

८ जुलै

फोटोडायोडच्या वर्णपटात ५० हर्ट्झची रेघ आहे, ती असणारच. अमेरिकेतल्या डेटात ती ६० ला असते. १०० आणि १५० लाही आहेत, त्या तिच्याच पटी. पण ५० च्या डाव्या अंगाला, ४८ च्या किंचित वर, आणखी एक बारीक रेघ आहे. ती कधी असते, कधी नसते. असते तेव्हाही एका जागी राहत नाही, हळूहळू सरकते.

दोन विद्यार्थी सकाळपासून तिच्या मागावर होते. त्यांनी लेसरचा पॉवर सप्लाय बदलला. कॉम्प्युटर दुसऱ्या फेजवर घेतला. पंखे बंद केले. रेघ तशीच.

चहा घेऊन आलेल्या मामांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "मॅडम, ही कधी कधी येते?" मी वेळा वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "ही तर आपली टाकीची मोटर." मामांच्या खिशात डायरी असते. पाणी कधी आलं, मोटर कधी चालू केली, कधी बंद केली, हे ते त्यात रोज लिहितात, कारण टाकी वाहून गेली तर बोलणी त्यांनाच बसतात. डायरीतल्या वेळा आणि रेघेच्या वेळा शेजारी-शेजारी मांडल्या. मिनिटाचाही फरक नाही.

मग गणितही जुळलं. दोन पोलांची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला ३००० फेरे मारायला बघते, पण लोड असल्यामुळे थोडी मागे पडते. २८९० फेरे धरले तर ४८.२ हर्ट्झ. टाकी भरत जाते तसा लोड बदलतो, म्हणून रेघ सरकते. म्हणजे टाकी कितपत भरली आहे ते आता लेसरवरून कळतं.

डिटेक्टरचं काम असंच चालतं, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. २०१७ साली हॅन्फर्डला डेटात ९० हर्ट्झच्या आसपास विचित्र ठोके येऊ लागले होते. शोध घेतला तेव्हा कळलं की बाहूच्या टोकाच्या इमारतीबाहेर द्रव नायट्रोजनच्या नळीवर बर्फ जमतो, आणि तहानलेले डोमकावळे तो चोचीने फोडतात. बर्फावर चोचीच्या खुणा सापडल्या. ठोका नळीतून निर्वात नळापर्यंत पोचायचा आणि तिथून विखुरलेल्या प्रकाशात शिरायचा. कॉम्प्युटरला हे उमगलं नसतं. कोणीतरी बाहेर जाऊन नळी पाहिली, म्हणून उमगलं.

मामांची डायरी स्कॅन करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवली. इथून पुढे मोटरच्या वेळा हा आमचा अधिकृत साक्षी चॅनेल, म्हणजे नॉइजचा उगम सांगणारी सोबतची नोंद.

९ जुलै

मोटरखाली रबराचे पॅड. रेघ पाचव्या हिश्श्यावर आली.

११ जुलै

या गटातली एक विद्यार्थिनी हिंगोली जिल्ह्यातली, वसमत तालुक्यातली. सेस्मोमीटरचा आलेख पाहताना ती म्हणाली की गेल्या वर्षी याच दिवसांत त्यांच्या घरातली भांडी पडली होती. बरोबर, १० जुलै २०२४ ची सकाळ, ४.५ तीव्रतेचा धक्का. त्याआधी मार्चमध्येही एक. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून आवाज येतात, ते तिने लहानपणापासून ऐकलेत. घरातले मोठे लोक आवाज आला की अजूनही किल्लारीची आठवण काढतात.

तिने विचारलं, "मग मॅडम, डिटेक्टर आमच्याकडेच का?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. मोठा भूकंप कुठेही झाला तरी डिटेक्टर तेवढा वेळ लॉक सोडतो, म्हणजे आरशांवरचा ताबा सुटतो, मग तो चिलीतला असो की जपानमधला. लाटा ओसरल्या की पुन्हा लॉक होतो. जागा निवडताना बघतात ती रोजची शांतता: रेल्वे किती लांब, रस्ता किती लांब, खडक कसा, चार-चार किलोमीटरचे दोन काटकोनी बाहू बसतील इतकी सपाट जमीन आहे का. भूकंप सहन होतील असं बांधकाम करणं हा अभियांत्रिकीचा भाग झाला, आणि त्याची काळजी घ्यावीच लागते. पण रोजचा बारीक कंप जिथे जास्त, तिथे कितीही पैसा ओतला तरी कमी वारंवारतेच्या लहरी हातून निसटतात.

ती समाधानी झाली असं वाटलं नाही. तसंच असावं. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी हाच विषय घेशील का, असं तिला विचारून ठेवलंय.

२१ जुलै

पावसामुळे वीज गेली होती, म्हणून आजचा दिवस लॅपटॉपवर. १४ सप्टेंबर २०१५ चा, पकडलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचा डेटा सर्वांसाठी खुला आहे; ३२ सेकंदांचा तुकडा उतरवला. आपल्या घड्याळात ती दुपारची ३ वाजून २० मिनिटं.

कच्चा डेटा उघडला की काहीच दिसत नाही. कमी वारंवारतेचं डोलणं इतकं मोठं, की बाकी सगळं त्यात बुडतं. मग व्हाइटनिंग: प्रत्येक वारंवारतेला तिथल्या नॉइजने भागायचं. त्यानंतर ३५ ते ३५० हर्ट्झचा पट्टा ठेवायचा. आणि लहर डोळ्यांसमोर येते. कसलंही मॉडेल नाही, टेम्प्लेट नाही. एक मुलगा खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

मी त्यांना शून्यरेषा ओलांडण्याच्या वेळा हातानेच मोजायला लावल्या. त्यावरून प्रत्येक क्षणाची वारंवारता f. मग f⁻⁸ᐟ³ आणि वेळ यांचा आलेख. न्यूटन आणि आइनस्टाइनच्या सूत्रांचं एवढंच म्हणणं आहे की ही सरळ रेष असली पाहिजे, आणि तिच्या उतारावरून चर्प मास, म्हणजे दोन्ही वस्तुमानांपासून बनणारं एक संयुक्त वस्तुमान, निघतं. रेष बरीच सरळ आली. मुलांची उत्तरं ३० ते ४० सूर्य-वस्तुमानांच्या दरम्यान. प्रकाशित किंमत ३० च्या आसपास. साध्या पट्टीने, कागदावर, सव्वाशे कोटी वर्षांहून जुन्या घटनेचं वजन झालं!

इथे मी त्यांना धुरंधर सरांचं काम समजावून सांगितलं. दोन कृष्णविवरांच्या किंवा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाचा आकार आधीच ठाऊक असेल, तर तो साचा डेटावरून सरकवत न्यायचा आणि कुठे जुळतो ते पाहायचं. पण वस्तुमानं ठाऊक नसतात, मग साचे किती घ्यायचे आणि किती अंतराने? संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांचा यावरचा लेख १९९१ चा आहे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची स्थापना १९८८ ची. लायगोचं बांधकामही तेव्हा सुरू झालं नव्हतं. पुण्यात बसून ही माणसं त्या यंत्राच्या डेटाचं गणित करत होती, आणि त्या वेळी भारतात तरी हा विषय पुष्कळांना वेळेचा अपव्यय वाटत असे. नारळीकर सरांनी या कामाला आयुकात जागा दिली. ते मे महिन्यात गेले.

४ ऑगस्ट

विखुरलेल्या प्रकाशाचा प्रयोग उभा राहिला.

रचना अशी. एका बाहूच्या टोकाला ९५ टक्के परावर्तन करणारा आरसा. पाच टक्के प्रकाश मागे गळतो. मागे स्पीकर, त्याच्या कोनावर चिकटवलेला चकचकीत स्टीलचा वॉशर. गळलेला प्रकाश वॉशरवर आपटून आरशातून परत आत येतो आणि मूळ किरणात मिसळतो. स्पीकर ०.२ हर्ट्झने हलवायचा, मायक्रोसेझमसारखा. साधा ऑडिओ ॲम्प्लिफायर इतक्या हळू चालत नाही, म्हणून मुलांनी ऑप-ॲम्पचा डीसी ड्रायव्हर जोडला.

आता गंमत अशी की स्पीकर पाच सेकंदांत एकदा हलतो, पण फोटोडायोडवर खळबळ उडते ती दहापट, शंभरपट वारंवारतेला. कारण वॉशर अर्धी तरंगलांबी सरकला की परत येणाऱ्या प्रकाशाची कला (फेज) पूर्ण एक फेरा घेते. म्हणजे दिसणारी वारंवारता = २ × वेग ÷ तरंगलांबी. २० मायक्रोमीटर हेलकावा, ०.२ हर्ट्झ: कमाल वेग सेकंदाला २५ मायक्रोमीटर. त्यावरून ७९ हर्ट्झ.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणारं चित्र, काढला. कमानी! अडीच सेकंदांना एक, माथा ८० च्या जरासा खाली. कमानींचे पाय दिसत नाहीत, कारण तिथे सर्वो काम करतो. वरचा भाग मात्र रेखीव. वॉशर जाताना एक कमान, येताना एक.

ही आकृती म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूच्या वेगाचा आलेखच आहे. एका कमानीवरून तिचा काळ कळतो, उंचीवरून तिचा हेलकावा. मग तेवढाच काळ आणि तेवढाच हेलकावा असलेली वस्तू यंत्रात शोधायची.

मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्पीकरवर बोट ठेवलं, कमानी खाली आल्या. बोट काढलं, वर गेल्या. त्यांनी ते पुन्हा करून पाहिलं.

१३ ऑगस्ट

वॉशर आरशाला अगदी समांतर केला तर १६० हर्ट्झजवळ दुसरी, फिकट कमान उमटते. प्रकाश आरशाची पाठ आणि वॉशर यांच्यामध्ये दोनदा जाऊन येतो, म्हणून कला दुप्पट. लिव्हिंग्स्टनच्या २०१९ च्या डेटात अशाच एकावर एक रचलेल्या कमानी आहेत. मुलांनी त्यातला एक तुकडा शेजारी छापून भिंतीवर लावला. तिथे तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, आणि कमानींमधलं अंतर तीन-चार सेकंद.

तिथला गुन्हेगार कसा सापडला, ती हकीकत मला फार आवडते. लायगोचा आरसा ४० किलोचा, चार टप्प्यांच्या लोलकाला काचेच्या तंतूंनी टांगलेला. तंतूची जाडी ०.४ मिलिमीटर. त्याच्या मागे तसंच टांगलेलं दुसरं वस्तुमान असतं. त्यावर सोन्याचे बारीक पट्टे आहेत, ज्यांच्या विद्युतक्षेत्राने आरसा हलकेच ढकलतात. आरशातून गळलेला प्रकाश त्या सोन्यावर पडून परत येत होता. समुद्र खवळला की आरसा आणि मागचं वस्तुमान एकमेकांच्या मानाने हलायचे, आणि कमानी उठायच्या.

सोनं काढता येत नाही, प्रकाश गळायचा थांबत नाही. म्हणून उपाय केला वेगावर: आरशाच्या टांगणीला दिला जाणारा हालचालीचा संकेत मागच्या टांगणीलाही द्यायचा, म्हणजे दोघं बरोबर हलतील आणि सापेक्ष वेग उरणार नाही. जानेवारी २०२० मध्ये हा बदल दोन्ही ठिकाणी झाला आणि हा नॉइज एकदम ओसरला. एकही भाग न बदलता.

यावर एका मुलाने विचारलं की कमानी ओळखू येतात तर त्या डेटातून वजा करून टाकायच्या, एवढं कशाला? त्याला ९ नोव्हेंबर २०१९ च्या घटनेचं उदाहरण दिलं. त्या दिवशीच्या संकेतावर नेमका विखुरलेल्या प्रकाशाचा नॉइज आला होता. कृष्णविवरांचं स्वतःभोवतीचं फिरणं कक्षेच्या उलट दिशेला आहे का, हा तिथला प्रश्न, आणि त्याचं उत्तर नॉइज कसा वजा केला यावर बदलतं. उलट फिरणारी जोडी असेल तर ती दाट तारकागुच्छात योगायोगाने जमली असण्याची शक्यता वाढते. म्हणजे ताऱ्यांच्या इतिहासाचा एक धागा त्या सोन्याच्या पट्ट्यांपर्यंत येऊन पोचतो.

१८ ऑगस्ट

काल १७ ऑगस्ट होता, म्हणून आज २०१७ मधल्या त्याच दिवसाच्या घटनेचा, GW१७०८१७ चा, स्पेक्ट्रोग्राम काढला. न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

लिव्हिंग्स्टनच्या पट्टीवर मिलनाच्या १.१ सेकंद आधी एक भलामोठा ठिपका, यंत्राचा क्षणिक नॉइज. त्याच्यामुळे स्वयंचलित प्रणालीने लिव्हिंग्स्टनचा संकेत बाजूला टाकला होता, आणि पहिला इशारा फक्त हॅन्फर्डच्या नावावर निघाला. माणसांनी डेटा उघडून पाहिला तेव्हा ठिपक्याच्या मागून आरपार गेलेली लांब, वर चढणारी रेघ दिसली. ठिपका बाजूला करून जागा निश्चित केली, ती सुमारे ३० चौरस अंशांवर आली, आणि त्या रात्री दुर्बिणींना एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा प्रकाश सापडला. इटलीतल्या व्हर्गो डिटेक्टरमध्ये संकेत जवळजवळ नव्हता, आणि त्याचाही उपयोग झाला: लहर व्हर्गोच्या आंधळ्या दिशेकडून आली असणार.

यानंतर कोणी मला "नॉइजचा अभ्यास दुय्यम आहे" असं म्हटलं तर मी हे चित्र पुढे करीन.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

घरी गणपती बसला. दुपारी फोनवर बातमी वाचली: लायगोच्या संस्थापकांपैकी एक, रायनर वाइस गेले. परवा, २५ तारखेला. ९२ वर्षांचे होते.

संध्याकाळी त्यांचा १९७२ चा अहवाल पुन्हा काढला. एमआयटीच्या एका प्रयोगशाळेच्या तिमाही अहवालात छापलेला. इंटरफेरोमीटरने गुरुत्वीय लहरी शोधता येतील ही कल्पना त्याआधीही काहींनी मांडली होती. १९६२ मध्ये सोव्हिएत संघात गर्टसेनश्टाइन आणि पुस्तोवोइत यांनी. वाइसनी केलं ते वेगळं. लेसरची तीव्रता हलेल, त्याची कला हलेल, आरशाचे अणू उष्णतेने थरथरतील, प्रकाशाचा दाब आरशाला ढकलेल, जमीन हलेल, उरलेल्या वायूचे कण तापमानातल्या फरकामुळे आरशाला असमान ढकलतील, वैश्विक किरण आदळतील, आसपासचं वस्तुमान सरकलं तर त्याचं गुरुत्वाकर्षण आरशाला ओढेल. एकेकाचा आकडा त्यांनी काढला. यंत्र नव्हतं, पैसे नव्हते, लहर असते याचा पुरावा नव्हता. पण यंत्राच्या आड काय काय येणार, ते सगळं कागदावर होतं. आजही डिटेक्टरच्या नियंत्रण कक्षात नॉइज बजेटचा जो आलेख लावतात, त्यातल्या बहुतेक रेघांचं मूळ त्या पानांत आहे.

मी माझ्या प्रयोगशाळेत त्यांचा फोटो लावणार नाही, ती यादी लावणार आहे. मराठीत.

७ सप्टेंबर

कालची विसर्जन मिरवणूक आज दुपारीही संपलेली नाही. यंत्र मुद्दाम चालू ठेवलं होतं.

ढोल-ताशाची दोन रूपं वेगवेगळी दिसतात. सेस्मोमीटरवर दोन हर्ट्झच्या जवळ उंच, रुंद टोक: पथकाची पावलं आणि ढोलाचा ठेका. फोटोडायोडवर मात्र गोंधळ आहे शंभर हर्ट्झच्या खाली, आणि तो जमिनीतून येत नाही. मायक्रोफोन आणि फोटोडायोड यांचा कोहेरन्स (दोन संकेत किती जुळतात याचं माप) काढला तर ७० ते ९० च्या पट्ट्यात जवळजवळ एक. सेस्मोमीटरशी काढला तर तिथे काहीच नाही. म्हणजे हा आवाज हवेतून, तळघराच्या जिन्यावरून आत येतो आणि लेसरच्या स्टँडला हलवतो. लेसरवर फोमचा डबा झाकला, तर त्या पट्ट्यापुरतं बरंच शांत झालं. ढोल बाहेर चालूच होते.

एकाच गोंगाटाच्या दोन वाटा, आणि प्रत्येक वाटेला वेगळा उपाय. लायगोत आरसे निर्वातात असतात, दाब एक मायक्रोपास्कलच्याही खाली, तो याचसाठी सुद्धा.

११ सप्टेंबर

काल GW२५०११४ चा निकाल प्रसिद्ध झाला. आजचा तास त्यावरच घेतला.

यंदाच्या १४ जानेवारीची घटना. वस्तुमानं २०१५ च्या पहिल्या घटनेसारखीच, प्रत्येकी तिशीच्या थोडी वर, अंतरही जवळपास तेवढंच. तरी संकेत आणि नॉइज यांचं गुणोत्तर तेव्हा २४, आता सुमारे ८०. आकाशात काही बदललं नाही. दहा वर्षांत माणसांनी एकेक नॉइज शोधून कमी केला, एवढाच फरक: दाबलेला (क्वांटम नॉइज कमी केलेला) प्रकाश, त्यासाठी ३०० मीटरची जादा पोकळी, चांगले आरसे, बंद केलेले विखुरण्याचे मार्ग.

आणि त्या स्वच्छतेमुळे हॉकिंगचा १९७१ चा सिद्धांत तपासता आला. दोन कृष्णविवरांच्या पृष्ठभागांची बेरीज मिलनापूर्वी सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, नंतरच्या एका कृष्णविवराचा पृष्ठभाग सुमारे ४,००,०००. वाढला, घटला नाही. मिलनानंतरचा घंटेसारखा विरत जाणारा नाद इतका स्पष्ट आहे की मूळ स्वराबरोबर त्याचा एक उपस्वरही वेगळा काढता आला. कृष्णविवराला धक्का दिला तर ते ठराविक स्वरात विरत जातं, हे १९७० मध्ये प्रथम दाखवलं ते सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी. ते २०१७ च्या जानेवारीत गेले. हा आलेख त्यांना पाहायला मिळायला हवा होता.

२९ सप्टेंबर

मराठवाड्यात पुराने हाहाकार. वसमतची मुलगी गावी गेली आहे, सोयाबीन हातचं गेलं. तिचं काम तिच्या नावावर राखून ठेवलंय, घाई नाही.

१४ ऑक्टोबर

आता कमानी घालवण्याचं काम. आधी वॉशरवर बाजारातला काळा स्प्रे मारला. कमानी फिकट झाल्या, गेल्या नाहीत. हे अपेक्षित होतं. परत येणारा प्रकाश मूळ प्रकाशाच्या दहा लाखावा भाग उरला, तरी व्यतिकरणात त्याचा परिणाम वर्गमुळाने येतो, म्हणजे हजारावा भाग. शक्ती शंभरपट घटवली की कमान फक्त दहापट फिकट. विखुरलेला प्रकाश एवढा चिवट असतो तो यामुळे.

मग वॉशरच्या जागी काळी काच तिरकी ठेवली, आणि तिच्यावरून निसटणारा किरण मखमलीच्या खोक्यात नेऊन सोडला. कमानी नाहीशा. रंगाचं काम थोडं, दिशेचं जास्त. लायगोच्या चार किलोमीटरच्या नळांत आतून जागोजागी बॅफल (भटका प्रकाश अडवणाऱ्या कड्या) बसवलेले असतात, त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी, म्हणजे कडेवरून विखुरणारा प्रकाश एकाच कलेत एकत्र येऊ नये.

२० नोव्हेंबर

परवा, १८ तारखेला, लायगोची चौथी निरीक्षण फेरी संपली. मे २०२३ मध्ये सुरू झाली होती. आता डिटेक्टर सुधारणांसाठी उघडतील.

आमच्या बाजूने झालेलं काम: कमानींची उंची आणि काळ दोन्ही गणिताशी जुळले, दुसऱ्या परावर्तनाची कमान मिळाली, मोटर आणि ढोल यांच्या वाटा वेगळ्या काढल्या, जून ते नोव्हेंबर मायक्रोसेझमची सलग नोंद हाती आली. पावसाळा ओसरला तसा ०.२ चा उंचवटा कसा खाली उतरला, ते एका आलेखात सुरेख दिसतं.

राहिलेलं: दुसरा स्पीकर. आरसा आणि वॉशर दोन्ही हलवायचे, एकच संकेत दोघांना द्यायचा, आणि सापेक्ष वेग शून्याकडे नेऊन जानेवारी २०२० चा उपाय टेबलावर करून दाखवायचा.

वसमतची मुलगी परत आली. प्रबंधाचा विषय तिने स्वतःच लिहून आणला: पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला मायक्रोसेझम, पुणे आणि हिंगोली जिल्हा. २,६०० कोटींच्या लायगो-इंडिया प्रकल्पाची स्वतःची मोजमापं चालतच असतात, तिचं काम त्याची जागा घेणार नाही. पण जमिनीचा वर्णपट काढायला आणि त्यातली रेघ न् रेघ ओळखायला ती शिकेल, आणि ते काम औंढ्याला पुढची अनेक वर्षं लागणार आहे. सेस्मोमीटर मार्चपर्यंत ठेवायला मित्राने होकार दिला. गावाकडच्या शाळेची एक मागची खोली मिळेल असं तिचे काका म्हणाले आहेत. तिथे पाण्याची मोटर कुठे आहे आणि ती कधी चालू होते, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला तिला सांगितलं. मामांनी तिला एक कोरी डायरी दिली.